गोल केलेलं ब्रिटन

एप्रिल आला की माझं डोकं फिरतं. उन्हाचं मला काही नाही, ऊन आमच्या उदगीरलाही होतंच. डोकं फिरतं ते परीक्षेमुळे. कडुनिंबाचा मोहर गळायला लागतो, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास सुटतो, बसस्टँडवर पोरी पुस्तकात तोंड घालून पुटपुटत उभ्या असतात, आणि मला नांदेडची ती खोली आठवते. मग दिवसभर माझ्याशी कुणी नीट बोललं तरी मी त्याच्यावर खेकसते.

यंदा त्यात एका कागदाची भर पडली. लातूरच्या ज्या कॉलेजात मी तासिकेवर शिकवते, तिथं तपासणी समिती येणार आहे. तासिकेवर म्हणजे घेतील तेवढ्या तासांचेच पैसे, आणि दर जूनमध्ये नव्यानं ऑर्डर. आली तर आली. तर समितीसाठी विभागप्रमुखांनी प्रत्येक पेपरचा एकेक तक्ता वाटला. माझ्या हातात आला तो एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, 'युरोपीय राजकारण आणि शासन'. वर छापलेलं, 'या अभ्यासातून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना काय प्राप्त झाले?' आणि खाली पाच रेघा. कमी मिळालं असेल तर कुठं लिहायचं, याची काही सोय नाही.

"मागच्या वर्षीचं बघून लिहून टाका," विभागप्रमुख म्हणाले.

बघितलं. तुलनात्मक दृष्टी विकसित झाली. जागतिक जाणीव निर्माण झाली. लोकशाही मूल्ये रुजली. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणात रुजली, कधी रुजली, त्याला पुढं काही फुटलं का, हे लिहिणाऱ्याला कुणी विचारलेलं दिसत नव्हतं. तक्ता घडी करून पर्समध्ये टाकला. तो अजून तसाच आहे, पाचही रेघा कोऱ्या.

मला या पेपरातून काय मिळालं ते मला पक्कं ठाऊक आहे. मी तो पेपर केलाय. नांदेडला, गोदावरीच्या अंगाला, पत्र्याच्या छताच्या एका खोलीत. दोन कॉट, एक माझी आणि एक रेणुकाची. रेणुका उमरीजवळच्या खेड्यातली. घरचं रान होतं, दोन भाऊ ते बघायचे, आणि ही घरातली एम.ए.ला आलेली पहिली. घरी ठरलं होतं की पंचावन्न टक्के आले तर पुढं शिकायचं, नाही आले तर गावी परत. पंचावन्न असले तरच प्राध्यापकीची पुढची परीक्षा देता येते. चोपन्न पूर्णांक नऊ असले तरी दार बंद. रेणुकानं हा आकडा खडूनं खोलीच्या दारावर आतून लिहिला होता. रोज बाहेर पडताना तो दिसायचा.

दुपारी पत्रा तापला की आम्ही बादलीत पाय बुडवून बसायचो. खिडकीला ओला टॉवेल. रस्त्यावर रसवंतीची घुंगरं वाजायची. रेणुका पाण्यानं थबथबलेल्या पायांनी खोलीत फेऱ्या मारायची आणि मोठ्यानं म्हणायची, आयोग, मंत्रिपरिषद, संसद, न्यायालय. ब्रुसेल्स हे नाव आम्ही त्या उन्हाळ्यात किती वेळा घेतलं असेल त्याला गणती नाही. आमच्यातलं कुणी हैदराबादच्या पलीकडं गेलेलं नव्हतं.

सुटीत उदगीरला गेले की आप्पा दुकानात बसवून विचारायचे. आप्पा म्हणजे माझे वडील, मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान आहे. कपाळाला विभूती, समोर तुरीचा नमुना, आणि प्रश्न मात्र सरळ. "काय शिकून राहिलीस बाई तू? तिकडच्या राज्याचा आपल्याला काय उपेग?"

मी सांगितलं, तिथं एका देशातून दुसऱ्या देशात माल जातो तर मधे कुणी अडवत नाही. आप्पांनी चष्मा काढला. "नाका न्हाई?"

"नाही."

"आन् भांडणं न्हाई झाली?"

"झाली. पण बसून मिटवतात. लिहून ठेवतात."

आप्पांनी चष्मा पुसून परत घातला. उमेदीची वर्षं त्यांनी बिदरच्या वाटेवर नाक्यावर ट्रक उभे करून, झाडाखाली ताटकळत काढली होती. मग म्हणाले, "हे चांगलं हाय. हे शिक." त्या वर्षभरात त्या पेपराबद्दल एवढं शहाणपणाचं मी वर्गातसुद्धा ऐकलं नाही.

वर्गात आमचे सर शिकवत नसत. सांगत. खुर्चीत बसायचे, प्लास्टिकच्या फोल्डरमधून कडा पिवळ्या पडलेले कागद काढायचे आणि सुरू व्हायचे. "लिहा. युरोपीय संघ, स्वल्पविराम, हा अठ्ठावीस राष्ट्रांचा संघ असून, स्वल्पविराम, त्यात ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी." आम्ही माना खाली घालून लिहायचो. पंखा कागद उडवायचा, एका हाताचं कोपर वहीवर आणि दुसऱ्या हातानं लिहिणं. तास संपला की अंगठा दुखायचा. विचारायचं काही नसायचंच, कारण विचारायला आधी ऐकावं लागतं आणि आम्ही तर लिहीत होतो.

या नोट्सची एक रीत होती. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांची एक मास्टर कॉपी असायची. तिच्यावरून दरवर्षीची पोरं झेरॉक्स मारायची. झेरॉक्सवरून झेरॉक्स मारून अक्षर उडालं की सर त्या वर्षीच्या वर्गातलं सगळ्यात चांगलं अक्षर निवडायचे आणि त्याच्याकडून नवी मास्टर कॉपी लिहून घ्यायचे. हा मान समजला जायचा. त्या कॉपीवर पुढं आजूबाजूच्या जिल्ह्यांतली पोरं पास व्हायची. कॉलेज स्वायत्त, पेपर काढणारे सर, तपासणारे सर, आणि उत्तरं कशाला ताडून बघायची तर याच नोट्सला.

आमच्या वर्षी तो मान मला मिळाला. मी आप्पांना फोन करून सांगितलं. आठ दिवस दुपारचं बसून, रेघ न सोडता, शीर्षकाखाली पट्टी धरून मी ते सगळं लिहून काढलं. रेणुका शेजारी बसून ताडून बघत होती. 'सदस्य राष्ट्रे' या पानावर आली आणि थांबली.

"वैशाली, हे चूक हाय की. ब्रिटन बाहेर पडलाय. आता सत्तावीस हायत."

"मला माहीत आहे."

"मग कामून लिहून राहिलीस?"

"सरांनी दिलंय तसं उतरवायचं आहे फक्त."

तिनं माझी पेन्सिल घेतली आणि ब्रिटनभोवती एक गोल काढला. नीट, सावकाश. म्हणाली, "देण्याआधी सरांना इचार." मी हो म्हटलं. विचारलं नाही. पुसायचाही राहिला. फिकट पेन्सिल होती, मला वाटलं कुणाला दिसणार आहे.

परीक्षेला प्रश्न तोच आला, युरोपीय संघाची रचना स्पष्ट करा, वीस गुण. हॉलमध्ये घामानं उत्तरपत्रिका मनगटाला चिकटत होती, मी हाताखाली रुमाल धरून लिहिलं. अठ्ठावीस. लिहिताना क्षणभर हात थांबला आणि मग पुढं गेला, हे मला स्पष्ट आठवतं. नको असलं तरी आठवतं. रेणुकानं सत्तावीस लिहिलं, आणि ब्रिटन का बाहेर पडला, कसा पडला, त्याला किती वर्षं लागली, यावर एक अख्खं पान लिहिलं. बाहेर येऊन ती खुशीत होती. दोघींनी बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला.

निकाल लागला. मला त्या प्रश्नात चौदा, तिला सहा. तिची टक्केवारी चोपन्नच्या पुढं सरकली, पंचावन्नला टेकली नाही. त्या एका प्रश्नात चार गुण जास्त पडले असते तरी काम झालं असतं. तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. सत्तावीसवर लाल फुली आणि त्या अख्ख्या पानावर वरून खाली एक तिरकी रेघ.

ती कागद घेऊन कॉलेजच्या व्हरांड्यात माझ्याकडं आली. रडत नव्हती. "चल माझ्यासंगं सराकडं. मला एकटीला उडवून लावतील. नोट्स तू लिहिल्यास, तू म्हण की तुलाबी चूक दिसली होती. एवढंच म्हण."

मी म्हणाले, माझी बस आहे.

उदगीरची बस होती, खरंच होती. पण तिच्यामागं दुसरी गोष्टही होती. सरांनी तेव्हाच लातूरच्या या कॉलेजात माझ्यासाठी शब्द टाकला होता. इथले विभागप्रमुख त्यांचेच जुने विद्यार्थी. हे रेणुकाला माहीत होतं. ती मला काही बोलली नाही. पिशवी उचलून बसपर्यंत सोडायला मात्र आली, आणि त्याचा मला आजही संताप येतो. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर हे मला मिळालं. तपासणारा कोण आहे ते बघून लिहायचं, आणि तपासणाऱ्याची बाजू सोडायची नाही. युरोपच्या राजकारणातून आणि शासनातून मी एवढंच शिकले. याला तुलनात्मक दृष्टी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मागच्या उन्हाळ्यात भोकरला एका लग्नात ती भेटली. पंगतीत समोरासमोर आलो, आता कुठं पळणार. तिचं लग्न झालंय, उमरीकडंच असते, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून द्यायचं काम करते. बुंदी वाढणाऱ्याला हातानं पुरे म्हणत ती म्हणाली, "तू गेल्यावर मी गेले होते बरं का सराकडं. ते म्हणले, ती बातमी झाली. अभ्यासक्रमातून ब्रिटन अजून बाहेर पडलेला न्हाई. मी म्हणलं, हेच लिहून द्या. तर हसले."

"मग?"

"मग पुनर्मूल्यांकनाला टाकला. शिक्का मारून आला, गुणांत बदल नाही. कारण न्हाई, काही न्हाई." तिनं पोळी मोडली. "आपल्या पेपरात एक होतं, ध्यानात हाय का? तिथं कुणाबद्दल निर्णय घेतला तर कारण लेखी द्यावं लागतं. मला तेवढं एक लई आवडलं होतं. आता गावात कुणाचा अर्ज नामंजूर झाला की मी सांगते, कारण लिहून मागा. बाया जातात, मागतात. साहेब लोक वैतागून राहिलेत माझ्यावर."

मी विचारलं, माझा राग आहे का. तिनं थोडा विचार केला, उगीच 'नाही' म्हणाली नाही.

"तू आली आसतीस तरी मार्क वाढले आसतेच आसं न्हाई. पर सराच्या खोलीत मी एकटी उभी होते. ते तेवढं डोक्यातून जात न्हाई."

ते माझ्याही जात नाही. पण माझ्या डोक्यातून न जाण्याला काय किंमत आहे.

आणि आता हा एप्रिल. युरोपचा पेपर इथं विभागप्रमुख स्वतः शिकवतात, म्हणजे सांगतात; काढतात आणि तपासतातही तेच. मला बी.ए.ची पोरं. यंदा परीक्षेआधी उजळणीचे चार तास मात्र त्यांनी माझ्यावर ढकलले. वर्गात अकरा पोरी. लातूरची दुपार, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याचे निळे ड्रम दिसत होते, पंखा नुसता गरम वारा फिरवत होता. मी म्हटलं, नोट्स काढा. अकरा जणींनी स्पायरल बांधलेल्या झेरॉक्स काढल्या.

पहिल्या बाकावरच्या अश्विनीची मी उचलली आणि हातातच धरून राहिले. अक्षर माझं होतं. शीर्षकाखालची पट्टीची रेघ माझी. माझा 'ळ', माझा 'क्ष'. नांदेडहून इथं येईपर्यंत झेरॉक्सवर झेरॉक्स होऊन अक्षर फाटलं होतं, पण ओळखू येत होतं. कॉलेजसमोरच्या दुकानात इथंही मास्टर कॉपी आहे, सरांकडून विभागप्रमुखांकडं आलेली. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं.

अश्विनी म्हणाली, "मॅडम, ब्रिटन लई आयएमपी हाय का?"

"का?"

"गोल केलेलाय ना. मागच्या बॅचच्या म्हणल्या, गोलवालं येतंच. समद्यांनी पाठ केलाय."

तिनं पान उलटून दाखवलं. रेणुकाचा गोल. पेन्सिलचा फिका गोल झेरॉक्सनं उचलला होता आणि दर कॉपीगणिक काळा होत गेला होता. आमच्याकडं नोट्समध्ये कशाला गोल केला की तो प्रश्न महत्त्वाचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्या पोरींनी ब्रिटनवर वेगळी टीप तयार केली होती, संघातील ब्रिटनचे स्थान. विभागप्रमुखांनी मागच्या वर्षी त्याच्यावर खरोखरच प्रश्न काढला होता. त्यांनीही तो गोल बघूनच काढला असणार.

मला हसू आलं नाही. मी खडू खाली ठेवला आणि सांगून टाकलं. हे अक्षर माझं आहे. गोल माझ्या मैत्रिणीचा आहे. तो चूक दाखवायला काढलेला आहे. ब्रिटन संघात नाही, राष्ट्रं सत्तावीस आहेत, आणि हे खरं लिहिलं म्हणून तिचे पंचावन्न टक्के हुकले.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मग अश्विनीनं अगदी साधेपणानं विचारलं, "मग मॅडम, परीक्षेत काय लिहू? मलाबी पंचावन्नच लागतेत."

"सत्तावीस लिहा," मी म्हणाले. "मार्क कापले तर मी येते तुमच्यासोबत विभागप्रमुखांकडं. मी सांगते, नोट्स चुकीच्या आहेत म्हणून."

"हाव मॅडम," ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं. वहीत काही लिहून घेतलं नाही.

पेपर झाला त्या दिवशी ती पाण्याच्या टाकीपाशी उभी होती, बाटली भरत. मला बघून स्वतःच पुढं आली. "मॅडम, रागावू नका. मी अठ्ठावीसच लिहिलं."

मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुमचं पटलं मला. पर निकाल जूनात लागतो, आन् तुमची ऑर्डरबी जूनातच येती. न्हाई आली तर तुम्ही कुठं, मी कुठं?" बाटलीचं झाकण लावत ती खाली बघत होती. "समद्यांनीच अठ्ठावीस लिहिलं. एक मुक्तानं तेवढं सत्तावीस लिहिलंय. आम्ही लई सांगितलं तिला. ती म्हणली, मॅडम येतो म्हणल्यात."

मुक्ता म्हणजे मागच्या बाकावरची, अहमदपूरकडून रोज एसटीनं येणारी. चार तासांत तिनं तोंड उघडलं नव्हतं. मला तिचा आवाजही आठवेना. ती तोवर निघून गेली होती. तिचीही बस असेल.

अश्विनीचा मला राग आला आणि तो टिकला नाही, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. माझ्या वयाची होईपर्यंत तिला शिकायला काही उरलेलं नाही. पण मुक्ताचा जास्त राग आला. तुला कुणी सांगितलं होतं माझ्यावर विश्वास ठेवायला? मी काय लायकीची बाई आहे ते तुला माहीत तरी आहे का? स्टाफरूमपर्यंत मी हेच मनात म्हणत गेले. विभागप्रमुखांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडले होते, वर लाल पेन. अजून तपासायला घेतल्या नव्हत्या.

मी कोरा कागद घेतला. पर्समधला तक्ता निघाला, तो परत आत सारला. प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला. नोट्समधील सदस्य राष्ट्रांची संख्या चुकीची आहे. सदर मास्टर कॉपी माझ्या हस्ताक्षरात असून, लिहिताना चूक माहीत असूनही मी ती उतरवली. ज्या विद्यार्थिनीने सत्तावीस लिहिले असेल तिचे गुण कापू नयेत. कापायचे असल्यास कारण लेखी द्यावे. खाली सही. पट्टी न धरताही ओळी सरळ आल्या, सवयच आहे.

आवक-जावकच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "पोच पायजे आसंल तर झेरॉक्स घेऊन या. आन् मॅडम, हे देण्याआधी तुमच्या विभागप्रमुखांशी एकदा बोलून घ्या की. जूनचं बघा जरा."

मी बघितलेलं होतं. खाली उतरले, रस्ता ओलांडला. झेरॉक्सच्या दुकानात यंत्राच्या उष्ण वासानं घाम फुटला. दुकानदारानं अर्ज काचेवर ठेवण्याआधी डोळ्यांजवळ नेला. "अक्षर वळखीचं वाटायलंय मॅडम. कुठं तरी बघितलंय."

"बघितलंच असेल."

"किती कॉप्या काढू?"

"दोन," मी म्हणाले. "एक पोचेला. आणि एक उमरीला पाठवायचीय."